गाफील बाई

माझ्या पुतणीची मुलगी पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवाळीला आली होती. जेवणं झाल्यावर फोन काढून मला सांगायला लागली की आजोबा, जगात लाखो लोक डबे लपवतात, आणि दुसरे लोक फोनमध्ये जागा बघून ते शोधायला जातात. डब्यात वही असते. सापडला की सही करायची आणि गुपचूप होता तिथं ठेवून द्यायचा. ज्यांना या खेळातलं काहीच माहीत नाही अशा लोकांना त्यांच्यात एक खास नाव आहे म्हणे. ते इंग्रजी नाव तिनं मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा एकटीच हसली.

मी म्हणालो, बाई, यात नवल ते काय? तुझ्या आईचं लग्न ठरायच्या आधी आम्ही हाच खेळ पाथरीत खेळलोय, फोनबिन काही नसताना. तिला वाटलं म्हातारा फेकतोय. मग तिनं विचारलं, तुमच्यात अशा लोकांना काय म्हणायचे? मी म्हणालो, आठवत नाही आता. साफ खोटं बोललो. गेली चाळीस वर्षं तो शब्द मी तोंडातून काढला नाही, पण विसरलोही नाही.

आम्ही त्यांना 'गाफील' म्हणायचो.

मी बन्सीधर. कालव्याच्या ऑफिसात ट्रेसर होतो. साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि तो शाईनं जसाच्या तसा उतरवायचा, ही माझी नोकरी. अक्षर बरं होतं, म्हणून ऑफिसच्या पाट्या, हद्दीच्या दगडांवरचे आकडे, तोडायच्या झाडांवरचे नंबर हे सगळं रंगवायलाही मलाच धाडायचे. तेव्हा कालव्याचं काम जोरात होतं. जिकडंतिकडं लाल-पांढरे बांबू आणि साखळ्या घेतलेली आमची माणसं फिरत.

खेळ काढला माधवरावांनी. माधवराव आमचे ओव्हरसियर. पन्नाशीचे, काळी टोपी घालणारे, निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. नामांतराची दंगल होऊन दोन वर्षं झाली असतील. एका शनिवारी त्यांनी माझ्या टेबलावर चिठ्ठी टाकली. अमुक नंबरच्या दगडापासून होकायंत्रात ईशान्य धरून एकशे दहा पावलं, तिथून तोंड मारुतीच्या देवळाकडं करून तीस. बस्स, एवढंच. रविवारी सकाळी मी सायकल काढली आणि दोन तास त्या माळावर येड्यासारखा पावलं मोजत फिरलो. शेवटी बाभळीच्या बुडाला दगडांखाली बिस्किटाचा चौकोनी पत्र्याचा डबा सापडला. आत एक कोरी वही, शिसपेन आणि निजामाचा एक हाली पैसा.

मला जो आनंद झाला, काय सांगू! ऑफिसात जन्मभर आम्ही दुसऱ्याच्या जमिनी मोजल्या. मोजून स्वतःच्या हाताला काही लागलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी वहीत पहिल्या पानावर सही ठोकली, हाली पैसा घेतला, त्याच्या जागी खिशातली शिट्टी ठेवली आणि घरी येऊन बायकोला, कमलला, सांगितलं की ड्युटी होती.

वर्षभरात आम्ही आठ-दहा जण झालो. शाळेतले चित्रकलेचे मास्तर उद्धव आले, ते तर माझे जिवलगच झाले. येलदरीच्या पॉवर हाऊसवरचा एक ऑपरेटर होता, गंगाखेडचे एक पोस्टमास्तर होते. एक एसटीचा कंडक्टर होता, तो चिठ्ठ्या पोचवायचा. गंगाखेडच्या घाटावर ठेवलेला सहा नंबरचा डबा गोदावरीच्या पुरात गेला, तेव्हा पोस्टमास्तरांनी आम्हाला रीतसर कार्ड धाडलं, की आपला सहावा निवर्तला. कुणी शिकलेली, पगारदार, पोराबाळांची माणसं असा उद्योग करतील? आम्ही करायचो. आणि खरं सांगतो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे रविवार तेच.

गाफील हा शब्द माधवरावांचा. ज्याला खबर नाही तो गाफील. त्यांचा कायदा कडक होता. गाफिलासमोर डबा काढायचा नाही, उघडायचा नाही, त्याचं नावसुद्धा घ्यायचं नाही. कुणी हटकलं तर थाप मारायची, पण पचेल अशी. ज्याच्या तोंडून गुपित फुटेल तो खेळातून बाद. आणि त्या सालांत हटकायचे फार. दंगलीनंतर परका माणूस शिवारात दिसला की गावकरी चार प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नसत. मग कुणाची म्हैस हरवायची, कुणाचा पाय मुरगळायचा. उद्धव मास्तरांनी एकदा सांगितलं की मी झाडपाला शोधतोय औषधासाठी. पुढच्या रविवारी ते तिथं गेले तर गुडघेदुखीच्या सात म्हाताऱ्या बांधावर बसून वाट बघत होत्या. मास्तरांनी सगळ्यांना निर्गुडीचा पाला बांधायला सांगितला आणि सायकल अशी हाणली की मानवतच्या फाट्यावर येऊन थांबले. आम्ही महिनाभर हसत होतो. गाफील किती भोळे आणि आपण किती हुशार, याची आम्हाला मोठी गंमत वाटायची.

सतरा नंबरचा डबा मी लपवला. ब्याऐंशी साल, दिवाळी नुकतीच झालेली. पाथरीपासून दोन-अडीच कोसांवरचं एक गाव. नाव सांगत नाही, बाईची माणसं अजून तिथं नांदतात. गावाबाहेर एका शेताच्या कडेला आंब्याचं मोठं झाड होतं. दोन फांद्यांच्या बेचक्यात ढोली, डबा आत बरोबर बसला. शोधणाऱ्याला खूण पटावी म्हणून मी खोडावर चुन्यानं नंबर घातला, १७. ऑफिसात ज्या वळणाचे आकडे घालायचो त्याच वळणाचे. हाताला दुसरं वळणच नव्हतं. कालव्यात जाणाऱ्या झाडांवर आम्ही असेच नंबर घालतो हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं नाही.

मागून आवाज आला. "काय लिवायलाव, साहेब?"

वळून बघतो तर खुरपं हातात घेतलेली एक बाई. पन्नाशीच्या आतबाहेरची, उन्हानं रापलेली, कपाळ मोकळं. ती तानुबाई. शेत तिचंच, झाड तिचंच.

थाप मारायचीच होती. म्हैस सांगता आली असती, पाय सांगता आला असता. पण हातात चुन्याचं डबडं आणि ब्रश. जे पटकन तोंडात आलं ते बोललो. "मोजणी चाललीय."

तिनं झाडाकडं बघितलं, नंबराकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "झाड जायलंय का?"

इथं तरी मी नाही म्हणायला पाहिजे होतं. एका शब्दाचं काम होतं. पण सरकारी ऑफिसात माणसाच्या जिभेला एक खोड लागते. कुणी काही विचारलं की हो म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. मी म्हणालो, "बघू."

त्या एका 'बघू'वर तिनं पुढं दीड वर्ष काढलं.

झाडाची हकीकत आम्हाला नंतर तिच्याच तोंडून कळली. लग्न होऊन आली त्या साली तिच्या नवऱ्यानं कोय लावली होती. त्याला शेप्या आंबा म्हणायचे, कारण फळाला शेपूचा मंद वास यायचा. बाहत्तरच्या दुष्काळात नवरा गेला. विहिरी आटल्या, झाडं वाळली. ही दिवसभर खडी फोडायच्या कामावर जायची आणि येताना तिथल्या टँकरचं आपल्या वाट्याचं पाणी घागरीत घेऊन कोसभर चालत यायची. अर्धी घागर घरात, अर्धी झाडाला. सासू शिव्या द्यायची, माणसाला प्यायला पाणी न्हाई आन् ही झाडाला पाजायलीय म्हणून. झाड जगलं. तिला मूलबाळ नव्हतं. गावातले लोक ते झाड तिचं लेकरू आहे म्हणायचे आणि ती काही नाकारायची नाही.

पंधरा दिवसांनी माधवराव आणि उद्धव मास्तरांना घेऊन मी सतरा नंबरला गेलो, तर ही भाकरीचं फडकं घेऊन हजर. लांबून सायकली बघून आली होती. ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा, कांदा. "उनाचं हिंडायलाव, चार घास खा," म्हणाली. आम्ही कशाला नको म्हणतोय? आंब्याखाली मांडी ठोकून जेवलो. ती जरा लांब बसून आमच्याकडं बघत राहिली. आम्ही हात धुतले तेव्हा एवढंच म्हणाली, "बगा साहेब, झाडाचं." माधवरावांनी मान हलवली. तेही सरकारी माणूस, त्यांच्याही तोंडून तेच निघालं. "बघतो."

ती भांडी विसळायला बांधापलीकडं गेली, तोवर डबा काढून वहीत नोंद करायला आम्हाला वेळ मिळाला. हुशार ना आम्ही!

खरं तर ज्याला डबा सापडेल त्यानं तो दुसरीकडं हलवायचा हा रिवाज. पण सतरा नंबर आम्ही हलवलाच नाही. जागा चांगली आहे, एक मोठी वही आणून इथंच ठेवू, असं ठरलं. जागा चांगली होती हे खरं. पण आम्ही जात होतो जेवायला. दर दुसऱ्या रविवारी. कधी पिठलं, कधी शेंगदाण्याची चटणी, संक्रांतीला बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी. उन्हाळ्यात बादलीत भिजत घातलेले शेप्या आंबे. तो वास मला आजसुद्धा कधीमधी येतो, झोप मोडते. मला आई नव्हती, लहानपणीच गेली. कुणी बाई आपल्यासाठी रांधून, डोक्यावर घेऊन, वाट बघत बसलीय, हे मला फार गोड वाटायचं. आपल्यावर तिची माया बसली अशी मी स्वतःची समजूत करून घेतली.

पण ती 'बगा साहेब' म्हणायची तेव्हा तिच्या डोळ्यांत काय असायचं ते मला कळत होतं. कळत नव्हतं म्हणालो तर दुसरं खोटं होईल.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात तर मी हद्द केली. पावसात खोडावरचा नंबर धुऊन गेला. पोळ्यानंतर गेलो तर तानुबाई कधी नव्हे ती हसत सामोरी आली. नंबर गेला साहेब, आता सुटलं ना झाड, म्हणाली. त्या दिवशी पुरणपोळी होती. आम्ही खाल्ली. आणि ती भांडी घेऊन गेल्यावर मी खिशातली चुन्याची पुडी काढली, भिजवली आणि परत १७ घातला. कारण काय? येलदरीचा ऑपरेटर अजून या डब्यावर यायचा होता आणि खुणेशिवाय डबा ठेवायचा नाही असा कायदा. पुढच्या खेपेला तिनं नवा नंबर बघितला होता. भाकरीवर लोण्याचा गोळा त्या दिवशी जास्त होता.

उद्धव मास्तरांनी परतताना सायकल थांबवली. म्हणाले, बन्सी, हे काही बरं नाही, तिला सांगून टाकू. माधवराव म्हणाले, सांगितलं तर खेळ उघडा पडेल, आणि सांगायचं काय, की आम्ही घोडे एवढे होऊन डबडं लपवतो? झाडाला कुठं काय होतंय? एक दिवस नंबर पुसू, कालव्याची लाईन बदलली म्हणून सांगू, बाई खूश, आपणही मोकळे. मला ते पटलं. ज्यात आपल्याला काही करावं लागत नाही ते माणसाला लवकर पटतं. तो एक दिवस आम्ही पुढं ढकलत राहिलो.

चौऱ्याऐंशीचा चैत. मी आंघोळ करून बाहेर आलो तर कमल दारात उभी. बाजारात भाजी विकायला येणारी चांगुणाबाई तानुबाईच्याच गावची. तिनं कमलला सांगितलं होतं की शेजारच्या शिवारात खरीखुरी मोजणी झाली, तिथली नंबर घातलेली झाडं तोडली आणि लाकूड ठेकेदारानं ट्रकात घालून नेलं. ते तानुबाईनं डोळ्यानं बघितलं. तेव्हापासून तिनं अन्न सोडल्यासारखं केलंय. म्हणते, सरकारनं नेण्यापरीस मी माझ्या हातानं तोडीन, नवऱ्यानं लावलंय ते माझ्या सरणाला तरी येईल. मानवतहून दोन लाकूडतोडे सांगितलेत. आजच.

कमल म्हणाली, तुमच्याच ऑफिसचं काम ना हे? कशी हो माणसं तुम्ही? बाहत्तरला जगवलेलं झाड!

तिथंच उंबऱ्यात बसून मी तिला सगळं सांगितलं. डबा, वही, गाफील, चार वर्षांच्या रविवारच्या ड्युट्या. मला वाटलं ती भांडेल. तिनं खुंटीवरचा माझा सदरा काढून पुढं केला. मग म्हणाली, "उठा. आधी तिला सांगून या. माझं मागून बघा."

मी उद्धव मास्तरांना घेतलं, माधवरावांना घेतलं. माधवराव मास्तरांच्या कॅरिअरवर बसले. मी जन्मात इतक्या जोरात सायकल मारली नाही.

पोचलो तेव्हा झाडाला दोर बांधलेला होता. खालची एक फांदी तोडून झाली होती, ती आडवी पडली होती आणि बोटाएवढ्या कैऱ्या मातीत पसरल्या होत्या. लाकूडतोडे कुऱ्हाडी टेकवून पाणी पीत होते. बघायला गावातली दहा-बारा माणसं जमली होती. तानुबाई झाडाकडं पाठ करून बांधावर बसली होती.

माधवराव पुढं झाले आणि आवाज चढवून म्हणाले, थांबवा, थांबवा! बाई, वरून कागद आलाय. लाईन बदलली. झाड वाचलं तुमचं.

तिला पहिल्यांदा समजलंच नाही. मग ती उठली. पदर तोंडाला लावून झाडाकडं वळली. जमलेली माणसं वाहवा करायला लागली. माधवरावांचे पाय धरायला ती वाकली तर ते मागं सरले आणि माझ्याकडं बोट करून म्हणाले, यांनी खटपट केली, यांचे उपकार माना. ती माझ्याकडं आली. तिचे हात माझ्या पायाला लागले. गार होते, आणि त्यांना ओली माती लागलेली होती.

तिथंच गप्प बसलो असतो तर सगळं गोड झालं असतं. झाड वाचलं होतं. बाई सुखी होती. आम्हाला जन्मभर भाकरी मिळाली असती, आणि वर आशीर्वाद. मी चांगुलपणानं बोललो असं नाही. मला ते पायावरचे हात सोसले नाहीत.

"मावशी, उठा," मी म्हणालो. दीड वर्षात पहिल्यांदा मी तिला मावशी म्हणालो. "लाईन नव्हतीच. मोजणीबी नव्हती. तो नंबर मी घातला. आमचा एक खेळ हाय, त्याच्यासाठी."

"कसला खेळ?"

सांगून कळण्यासारखं नव्हतं. मी झाडाच्या बेचक्यात हात घातला आणि सगळ्या गावासमोर डबा बाहेर काढला. माधवरावांनी मान खाली घातली. मी झाकण उघडून डबा तिच्यापुढं धरला. शिट्टी, दोन गोट्या, एक तुटका चष्मा, शिसपेनचा तुकडा आणि वही. पोरांच्या खिशात निघावं तेवढंच सामान. लाकूडतोड्यांपैकी एक जण फिसकन हसला. तानुबाई हसली नाही. तिनं वही उचलली, उलटीसुलटी करून बघितली.

"ह्यात काय लिवलंय?"

"कोण कधी आलं ते. तारखा, सह्या."

"वाचा."

तिला अक्षर येत नव्हतं. मी काहीही वाचून दाखवलं असतं तरी चाललं असतं. उद्धव मास्तर माझ्याकडं बघत होते, त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं की तेही हाच विचार करतायत. वहीतलं अक्षर माझंच होतं, चांगलं, ठसठशीत, एकही आकडा वाकडा नाही. मी जे होतं तेच वाचायला लागलो.

आज अंबाडी, भाकरी, ठेचा. गाफील बाईला 'बघतो' म्हणून सांगितले. डबा सुखरूप.

आज पिठले. गाफील बाई जवळच बसून होती, नोंद करायला उशीर झाला.

आज आंबे. मी नऊ, मास्तर बारा, माधवराव सात. गाफील बाई खूश दिसली.

आज पुरणपोळी. पावसाने नंबर गेला होता, परत घातला. गाफील बाईला कळले नाही.

मी वही मिटली.

"गाफील म्हंजी मीच न्हवं?" तिनं विचारलं.

"हो."

मला वाटलं, आता ती शिव्या देईल, वही फाडून टाकेल, गाववाल्यांना सांगून चार तडाखे द्यायला लावेल. दिले असते तर आम्ही मुकाट खाल्ले असते. निजामाच्या राज्यात वाढलेली बाई ती, त्या शब्दाचा अर्थ तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं वही परत डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"बराबर लिवलंय," ती म्हणाली. "गाफीलच होते मी. दीड साल झालं, रोज सांजच्याला हितं येऊन बसायले. आज हाय, उद्या न्हाई म्हणून."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिनं हात वर केला. नंबर पुसा, एवढंच म्हणाली. मी रुमाल घागरीतल्या पाण्यात बुडवला आणि खोड पुसलं. चुनाच तो, लगेच निघाला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मग ती आमच्याकडं वळलीच नाही. लाकूडतोड्यांना दोर सोडायला सांगितला. ते कुरकुरले, मानवतहून चालत आलोय, दिवस मोडला आमचा, म्हणाले. ती म्हणाली, बसा, उपाशी जाऊ नका. कुणाच्या तरी पोरीला घरी धाडून तिनं भाकरीचं फडकं आणवलं. आंब्याखाली आम्ही बसायचो त्याच जागेवर ते दोघं बसले. तिनं त्यांना वाढलं. आम्हाला कुणी थांबा म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. आम्ही सायकली उचलून बांधावर आणल्या. माधवरावांना कॅरिअरवर चढता येईना, म्हणून जरा खोळंबलो.

तेवढ्यात मागून तिचा आवाज आला. एक लाकूडतोड्या दुसरी भाकरी घ्यायला लाजत होता, त्याला ती म्हणत होती, "पोटभर खा रे बाबा. तुमच्यापाशी मला काय मागायचं न्हाई."